एका वाटीचं सूप

कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज सहाशे माणसांना जेवू घालणाऱ्या आचाऱ्याला एका माणसापुरतं सूप जमू नये, याला काय म्हणावं? पण तसं झालं खरं. तीस वर्षं त्याचा हात पिंपांना सरावलेला. घरचं स्वयंपाकघर बायकोचं, तिथे त्याला साधा चहा करायची मुभा नव्हती. "तुम्ही आधण ठेवलंत की मला शेजारपाजार बोलवावा लागतो," असं ती म्हणायची.

आता तीच आतल्या खोलीत पडून होती. ताप उतरून आठवडा झाला, पण अन्नावरची वासनाच उडाली होती. सकाळी तपासायला आलेली नर्स स्पष्ट बोलून गेली, "पाचला परत येते. तोवर वाटीभर तरी पोटात गेलं नाही, तर भरती करावं लागेल. नाकातून नळी घालतील." बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं. आचाऱ्याने मात्र पिशवी उचलली.

पानगळीचे दिवस, बाजारात लाल भोपळ्यांचे ढीग. एक फोड घ्यायची तर हा गडी अख्खा भोपळा उचलून घेऊन आला. जित्याची खोड, दुसरं काय. अर्धा चिरला, कांदा-लसूण लोण्यावर परतला, भोपळा शिजवून घोटला. रंग असा सुरेख आला की त्याला जरा हुरूप वाटला. आणि तिथेच मेल्या हाताने घात केला. मीठ मुठीने पडलं.

मग पाणी घातलं. पांचट झालं म्हणून उरलेला भोपळा ढकलला. गोडमिट्ट लागलं म्हणून मिरपूड, आणि तिच्या जोडीला चिमूटभर मीठ. त्याची चिमूट म्हणजे तुमची आमची मूठ. दोन वाजता छोटं पातेलं होतं, साडेतीनला घरातलं सगळ्यात मोठं काठोकाठ भरलं. मधेच आत डोकावायचा, घड्याळ बघायचा, परत येऊन ढवळायचा. जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी वाटी घेऊन आत गेला. "एक चमचा घे."

"नको."

"अगं, वास तरी घे."

"नको म्हटलं ना."

त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा आला. सहाशे लोक बोटं चाटतात आणि घरचं माणूस उपाशी. तो चुलीपाशी येऊन नुसताच उभा राहिला.

चारच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई बायकोची चौकशी करायला आल्या. "वास छान सुटलाय हो," म्हणाल्या.

"डबा आणा, भरून देतो. इथे कोण खातंय," आचारी वैतागून म्हणाला.

"थांबा." आतून आवाज आला. भिंतीला धरत, पाय ओढत बायको दारात उभी राहिली. "चाखल्याशिवाय माझ्या घरातून काही बाहेर जायचं नाही. लोक नावं तुम्हाला नाही ठेवणार, मला ठेवतील."

स्टुलावर टेकली, चमचा घेतला. "शी. हे सूप आहे की खारट काढा? बटाटा सोलून टाका." पुन्हा चमचा. "आता दूध." पुन्हा चमचा. आचारी मुकाट्याने मोजत होता. चार, पाच, सहा. सातव्याला तिने मान डोलावली. "जमलं. द्या बाईंना." आणि चमचा ठेवून दिला.

सात चमच्यांनी कुठली वाटी होते? पावणेपाच झाले होते. ती बाईंशी बोलायला वळली आणि याने पेलाभर पाणी हळूच पातेल्यात ओतलं.

"बघ बरं, पातळ तर नाही ना झालं?"

तिने चाखलं, दोनदा चाखलं. "आत्ता तर बरं होतं. आणखी एक बटाटा टाका." बटाटा शिजला, घोटला, पुन्हा दोन चमचे. ती वळली की पुन्हा पेला. तिसऱ्यांदा मात्र हात पातेल्यावर असतानाच तिने मागे पाहिलं. शिक्षिकाबाई छताकडे बघू लागल्या.

"मी काय इतकी खुळी आहे?" बायको म्हणाली.

"ते नाकात नळी घालतील गं तुझ्या," तो म्हणाला. "मला नाही बघवणार ते."

जिन्यात नर्सची पावलं वाजली. बायकोने वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"भरा. आणि आधी तो पेला खाली ठेवा."