झाकणाआतला मासा

अभिमन नानांचं घड्याळ खानदेशात एकच, असं धरणगावात सगळे म्हणत. कारण नाना तसं म्हणत. सोन्याची केस, स्वित्झर्लंडचं यंत्र. डायलवरचं नाव नीट उच्चारता येईल असा माणूस तालुक्यात नव्हता, त्यामुळे त्या नावाचा दरारा आणखीच वाढला होता. वडिलांनी अठ्ठावन्न साली मुंबईच्या दुकानातून कोरं घेतलं, आजवर झाकण उघडलेलं नाही, हे नाना आधी सांगत. कोणी वेळ विचारली असली तर ती नंतर.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर जळगावच्या मगनशेठ सराफांचा निरोप आला, रविवारी घड्याळ पाहायला येतो. मगनशेठ जुनी घड्याळं जमवत. त्यांनी ‘अस्सल’ म्हटलं की मुंबईचे व्यापारीही मान डोलावत. नानांना विकायचं नव्हतं. वडिलांचं घड्याळ चारचौघांत अस्सल ठरावं, एवढंच हवं होतं.

फक्त ते रोज वीस मिनिटं मागे पडत होतं. जळगावात दाखवलं तर मगनशेठच्या कानावर जाईल, म्हणून नाना एसटीने धुळ्याला गेले. सुकदेव घड्याळजीने पातळ सुरीने झाकण काढलं, आत पाहिलं आणि भिंग नानांच्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या चार खुणा होत्या.

“हे काय?”

“दुरुस्तीच्या खुणा, नाना. जो उघडतो तो आपली खूण आणि साल टाकतो. आमच्या धंद्याची रीत आहे. हा मासा बोदवडच्या घड्याळजीचा. साल एकोणपन्नास.”

नानांनी पुन्हा पाहिलं. मासा होता. एकोणपन्नासही होतं.

“मना बाप खोटं बोलना का रे?”

“घड्याळ चांगलं आहे, नाना.”

“त्या खुणा पुसी टाक.”

“दुसऱ्याची खूण आम्ही पुसत नाही,” सुकदेव म्हणाला, आणि त्याने पाचवी आपली टाकली.

झाकण कसं निघतं ते नानांनी पाहून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी ते पॉलिश पेपर घेऊन मागच्या दारी बसले.

“देवना तांब्या कधी घासा नही,” नानांच्या पत्नी झुंबरबाई म्हणाल्या, “न आज काय घासी राह्यनात?”

“घड्याय.”

“मंग टाइम बी चकचकीत दाखाडी का?”

संध्याकाळपर्यंत झाकण आरशासारखं झालं. त्यात नानांचं नाक दिसत होतं.

रविवारी ओट्यावर आठ-दहा माणसं जमली. मगनशेठांनी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि झाकण उजेडाकडे फिरवून पाहिलं.

“नाना, आत एकही खूण नाही.”

“उघडलंच नाही ना कधी!”

“तीस वर्षं न उघडता चालणारं घड्याळ मी अजून पाहिलेलं नाही.” मगनशेठांनी झाकण लावलं. “असली कोरी झाकणं आता नवी करून मिळतात. माझ्याकडच्या प्रत्येक घड्याळात चार-पाच खुणा आहेत. खुणा म्हणजे त्याचा जन्माचा दाखला. खरं सांगू? अशा एका घड्याळासाठी मी वीस वर्षं हिंडतोय. बोदवडच्या स्टेशनमास्तरचं होतं. आत मासा कोरलेला.”

ओट्यावर सगळे नानांकडे पाहू लागले.

“तेच हे,” नाना म्हणाले. “मासा होता. वडिलांनी जुनंच घेतलेलं. काल मी घासला.”

मगनशेठांनी घड्याळ हलकेच त्यांच्या तळहातावर ठेवलं. “आता मी मासा म्हटल्यावर तुम्हाला मासा आठवला, नाना. चहा छान होता.”

त्या दिवसापासून नाना भेटेल त्याला खरं सांगू लागले. घड्याळ जुनं, चार जणांच्या हातून आलेलं, वडिलांनी थाप मारली, आपण खुणा घासल्या. गावाने ऐकून घेतलं.

“मगनशेठला आत एक खूण सापडली नाही, तरी नाना किती नमतं बोलतात,” निंबा गुरुजी पारावर म्हणाले. “बाकी कोरं घड्याळ खानदेशात एकच, ते कोणाला माहीत नाही?”