नवग्रह राघूला बघायला आले

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण माणूस बघायला शाळा लागत नाही. दोन नणंदा आणि तीन मुली दाखवून-बघून उजवल्या मी.

तर सत्तावन्न सालची गोष्ट. माझा नातू राघोत्तम इथं मद्रासलाच, गिंडीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात होता. तिथं नऊ पोरांचा एक क्लब होता. इंग्रजी नाव काहीतरी लांबलचक. हॉस्टेलात सगळे त्यांना नवग्रह म्हणत, कारण देवळातल्या नवग्रहांना घालतात तशा बाकीचे त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालायचे. वादविवाद त्यांचे, टेनिस त्यांचं, नाटक त्यांचं. एकजण पास होऊन गेला की त्याच्या जागी एकच नवा घ्यायचा, तोही त्याच्या घरी जाऊन, कॉफी पिऊन, घर बघून. उरलेल्या आठांतला एक जरी नाही म्हणाला, तरी संपलं. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही. मला हे फार आवडलं. आमच्यात नकार द्यायचा तर बिचाऱ्या पत्रिकेवर ढकलतात.

राघूचा वर्षभर त्या जागेवर डोळा. रात्री झोपेतसुद्धा क्लब.

"आजी, ते येतील तेव्हा तू आत बस हं. आणि काही विचारू नकोस."

"आत बसायला मी काय नवरी आहे? नवरी तू!"

रविवारी आमच्या वेस्ट मांबलमच्या घरी तिघं आले. अध्यक्ष राममूर्ती, जज्जाचा नातू, डोंगरावरच्या साहेबी शाळेत वाढलेला. सेक्रेटरी कृष्णस्वामी, मैलापूरचा, काटकुळा, मिस्कील. तिसरा सुब्बा, त्याच्या तोंडातून शब्द नाही. पण काय पोरं! बूट दारात ओळीनं काढले, आणि तिघांनी वाकून नमस्कार केला मला. आमच्या जावयांना अजून जमत नाही तो.

मी समोरच बसले. तुम्ही कुणाचे कोण, आजोळ कुठलं, सकाळी उठता कधी, सगळं विचारलं. राघू घामानं भिजला.

"आमच्यात बघायला आलेल्यांनाही बघतात," मी तमिळमधून ठणकावलं. "तुमचा निकाल तुम्ही कळवा, माझा मी कळवीन."

"सरी, पाट्टी," म्हणजे बरं, आजी, असं कृष्णस्वामी अगदी गंभीरपणे म्हणाला.

सूनबाई वसंतानं कॉफी आणली. आमच्याकडे पेला ओठाला लावत नाहीत, वरून धार तोंडात सोडायची. राममूर्तीनं इकडंतिकडं बघितलं, पेला उचलला, मान मागं टाकली, आणि सगळी कॉफी हनुवटीवरून शर्टावर. आत वसंता फिस्सकन हसली. जज्जाच्या नातवाचे कान लाल.

तेवढ्यात कृष्णस्वामीनं आपला पेला उचलला. मैलापूरचा पोरगा तो, दात यायच्या आधीपासून वरून पिणारा. त्यानं शांतपणे आपल्याच शर्टावर धार धरली. "कठीण आहे हो, पाट्टी," म्हणाला. मग सुब्बानंही तेच केलं, न बोलता.

अशी पोरं मी पाहिली नव्हती. एकाची फजिती तिघांनी वाटून घेतली, तीही असल्या भारी शर्टांवर!

आणि आमचा दिवटा? इस्त्रीचा शर्ट सांभाळत ताठ बसलेला, धार बरोबर तोंडात. मी डोळे वटारले. कळेना. भुवईनं शर्ट दाखवला. तेव्हा कुठं त्यानं उरलेली कॉफी छातीवर ओतली. मग चौघं असे हसले की शेजारची महालक्ष्मी खिडकीत आली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "गेलं रे राघू. आजीनं खुणावल्याशिवाय ज्याला सुचत नाही, त्याला कोण घेतो?"

त्यानं शर्ट स्वतः धुतला आणि न जेवता निजला.

पुढच्या रविवारी कृष्णस्वामी एकटाच आला. राघू दाराआड उभा, कान लावून.

"घेतला त्याला, पाट्टी. कुणीच नकार दिला नाही."

"त्याला उशिरा सुचलं, ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं. तुमची भुवईही दिसली. राममूर्ती म्हणाला, आजीचं ऐकतो ना, मग शिकेल." तो हात जोडून उभा राहिला. "आता तुमचा निकाल, पाट्टी. सगळे वाट बघताहेत."

दाराआडून राघूचं नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होता वेडा. मी आवाज चढवला, नाहीतर मलाच रडू फुटलं असतं.

"आधी त्या राममूर्तीला घेऊन ये. त्याला प्यायला शिकवते. माझ्या नातवाचा अध्यक्ष असा गळका चालायचा नाही."