अकरा लाल ओळी

पिवळी पडलेली चिकटपट्टी, कडांना धुळीची काळी रेघ.

सदतीस.

"अगं, मग पेशंटची कूस कशी बदलायची? वायर त्याच्या गळ्यात अडकवून?"

गोदामाच्या दाराला पाठ लावून उभा ट्रक. चार वाजता सुटणार.

अकरा ओळी, लाल.

ऑफिसात तिला सगळे चाळण म्हणायचे, तोंडावर चाळणबाई. बावीस वर्षं ती दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासत आली होती. कंपनी जे यंत्र बनवायची ते रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या हृदयाचे ठोके दाखवायचं, आणि ती तपासायची तो त्याचा कर्नल, म्हणजे सगळ्यात तळाचा, कुणाला न दिसणारा मजला. तिने हो म्हटल्याशिवाय एक ओळही यंत्रात जात नसे. आज नव्या यंत्राची पहिली चाळीस खोकी ट्रकात चढत होती आणि तिचं हो तेवढं बाकी होतं.

तिच्या पडद्यावर चाचण्यांचा अहवाल उघडा होता. चाचणीत चाललेल्या ओळी हिरव्या, न चाललेल्या लाल.

"सत्त्याण्णव टक्के हिरवं आहे, बाई," शेजारच्या टेबलावरून दाढीवाला म्हणाला. "शाळेत एवढे पडले असते तर बापाने घरात घेतलं असतं." यंत्राचा हा भाग त्यानेच नव्याने लिहिला होता. चाळिशीचा माणूस. आधीची कंपनी बंद पडल्यावर सहा महिन्यांच्या बोलीवर इथे लागला होता. ती बोली आज संपत होती. सकाळपासून तो चौथ्यांदा पाणी प्यायला उठला होता.

"उरलेले तीन टक्के कुठले?"

"वायर निसटली तर काय करायचं, ते. पण निसटतच नाही हो. चाचणीच्या टेबलावर हजार तास चालवलंय यंत्र."

हे तिला कालपासून खात होतं. तिची मोठी बहीण, ताई, दवाखान्यात नर्स होती. काल हिने तिला विचारलं, छातीची वायर तू मधेच काढतेस का? ताई आधी हसली, मग कूस बदलण्याचं सुनावलं. आज दुपारी तिचा फोन आला.

"सदतीस. एका खाटेवर, एका पाळीत. तू मोजायला लावलंस म्हणून मोजलं. सगळ्या जणी विचारतायत, पुटपुटतेस काय म्हणून."

"आणि यंत्र बंद कधी करता?"

"बंद? खाट रिकामी कधी असते, बाई माझे?"

चाळणबाईने फोन ठेवला आणि त्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या. वायर जोडली की कर्नल तिच्यासाठी यंत्राच्या मेमरीतली थोडी जागा अडवायचा. वायर निघाली की ती जागा मोकळी व्हायला हवी. मोकळी करणारी ओळ होतीही. पण तिच्या दोन ओळी आधीच 'इथून परत फीर' असं लिहिलेलं होतं. जागा मोकळी करायला कुणी पोचतच नव्हतं. यंत्र बंद केलं असतं तर ती आपोआप मोकळी झाली असती, पण ते कधी बंदच होत नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटं.

ती चाचणीच्या टेबलाशी गेली. दाढीवाला मागोमाग आला. नवं यंत्र टेबलाच्या जुन्याच वायरीला जोडलेलं होतं आणि वायरीच्या सांध्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे होते. तिने ते नखाने सोडवले. वायर काढली, लावली. काढली, लावली. पडद्यावरचा मोकळ्या जागेचा आकडा दर वेळी खाली उतरला. वर एकदाही आला नाही.

"थांबा," दाढीवाला म्हणाला. त्याने स्वतः दहा वेळा वायर काढली. मग स्टुलावर बसला. "किती दिवस टिकेल?"

"सदतीस गुणिले तीन पाळ्या. अठरा दिवस. मग पडदा काळा."

"मेलो."

साहेब स्वतःच खाली आले. "बाई, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. दुरुस्ती पुढच्या महिन्यात पाठवू."

"अठरा दिवस आहेत साहेब. महिना नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग दाढीवाल्याकडे. "सहा महिने पगार घेऊन हे? आणि हजार तासांत कुणाच्या डोळ्याला दिसलं नाही?"

दाढीवाल्याने वायर टेबलावर ठेवली.

"वायर निघूच शकत नव्हती," ती म्हणाली. "पट्टी होती."

"पट्टी कुणी लावली?"

"जुनीच आहे, साहेब," दाढीवाला पुटपुटला. "मी आलो तेव्हापासून आहे. असेल कुणीतरी."

दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या वेळची बाकी माणसं केव्हाच निघून गेली होती. तिने पट्टीचा चोळामोळा मुठीत धरला होता. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

"मी," ती म्हणाली.

"काय मी?"

"पट्टी मी लावली. वायर सारखी निसटायची, चाचण्या फसायच्या, म्हणून. यांची चूक दोन ओळींची आहे, पहिल्याच दिवशी सापडली असती. मी चाचणीचे डोळेच बांधून ठेवले होते. माझ्या शेऱ्यात तसंच लिहिते, खाली माझी सही. यांना काढायचं असेल तर आधी माझं बघा."

साहेबांनी तिच्या मुठीतली पट्टी पाहिली. मग दारात जाऊन ओरडले, "उतरवा रे सगळं!"

"बाई, तुम्हाला कशाला—" दाढीवाला म्हणाला.

"तुम्ही ओळी हलवा आधी. तपासायला मी आहे अजून. आज तरी."

तो पळाला. खोकी एकेक करून खाली येताना ऐकू येत होती. तिने शेऱ्याच्या रकान्यात 'नामंजूर' लिहिलं, कारण लिहिलं, सही केली. मग ती वायरीला चिकटून राहिलेला डिंक अंगठ्याच्या नखाने खरवडत बसली. तो निघायला फार वेळ लागला.

बावीस वर्षांपूर्वी, ती पट्टी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या चाचण्या पहिल्यांदाच हिरव्या झाल्या आणि तिला नोकरीत कायम करण्यात आलं.