मेनकाबाईचं ‘ने’

मेनकाबाईचं ‘ने’ म्हणजे ‘नको’, हे साऱ्या कोल्हापूरला शालूबाईनं शिकवलं. गाव ते वर्षभरात विसरून गेलं. शालूबाईला काही विसरता आलं नाही.

बाई होती युगोस्लाव्हियाची. सदुसष्ट सालचा माघ चालू असताना तिचा नवरा रिस्तो, इंजिनेर, इथल्या एका कारखान्यात नवी भट्टी बसवायला आला आणि दोघं ताराबाई पार्कात एका बंगल्यात राहायला लागली. रिस्तोचं लोकांनी पहिल्याच आठवड्यात ‘रास्तेसाहेब’ करून टाकलं. बाईचं नाव मात्र खरोखरच मेनका. ती ‘मेन्का’ असं तोडून सांगायची, पण ऐकतंय कोण. कारखानदारानं इंद्राच्या दरबारातनं मागवलीया, असं शालूबाईनं नळावर सांगितलं, तर दोन दिवस बायका कुंपणावरनं डोकावून गेल्या. बघतात तर काय, हडकुळी, केस आखूड, डोळ्यांखाली काळं.

“अप्सरा लई दमल्याली दिसतीया,” त्यातली एक म्हणाली.

“सातासमुद्रापास्नं आलीया चालत. तू जाऊन बघ की हातकणंगल्यापतुर,” शालूबाई म्हणाली.

शालूबाईला तिथं लावली ती कारखान्याच्या मालकीणबाईंनी. त्यांना सगळे माई म्हणायचे. माईंनी स्वयंपाकाचं काम दिलं आणि वर सांगितलं, “हिला इथलं काहीच ठाऊक नाही, शालू. देवळं, सण, रीतभात, सगळं दाखव. एकटी बसली की रडत असते.”

आता दाखवायचं काम शालूबाईला देणं म्हणजे काय, हे माईंना ठाऊक नसावं. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तोंड हीच तिची इस्टेट. जे होतं ते तर ती दाखवायचीच, नव्हतं तेही दाखवायची. रंकाळ्यावर नेलं तेव्हा तिनं हातवारे करून सांगितलं, की इथं एक मासा हाय नथ घातल्याला, अवसेला अंबाबाईच्या दर्शनाला पायरीपतुर येतो. पन्हाळ्याचं धुकं बरणीत भरून आणलं तर आठ दिस टिकतं, हेही तिनंच सांगितलं. मेनकाबाई पन्हाळ्याला गेली ती खरंच लोणच्याची बरणी घेऊन. परत आल्यावर झाकण काढून आत बघितलं, मग शालूबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि हसली. त्या घरात ती हसल्याचा तो पहिला दिवस.

‘ने’चा घोळ त्याच्या आधीचा, अगदी सुरुवातीचा. जेवण मध्यावर आलं की शालूबाई विचारायची, “बाई, ताट नेऊ का?”

“ने,” बाई म्हणायची.

शालूबाई ताट उचलायची. बाई बघत राहायची. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी बाईनं ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि “ने, ने, ने” म्हणायला लागली. शालूबाईनं एका बाजूनं ओढलं. एवढी ने म्हणतीया आणि सोडत का न्हाई, ह्याचं तिला कोडं. शेवटी कारखान्यातला कारकून बाळासो आला होता, त्यानं साहेबाला इंग्रजीत विचारून उलगडा केला. त्यांच्या बोलीत ‘ने’ म्हणजे ‘नको’. बाई आठ दिवस अर्धपोटी राहिली होती.

एवढं गावल्यावर शालूबाई गप्प बसती होय. लक्ष्मीपुरीत भाजीवाल्यांना, दूधवाल्याला, गुंडू टांगेवाल्याला, सगळ्यांना तिनं सांगून टाकलं. “शिकंदराच्या मुलखातली हाय ती. म्यासिडोनिया म्हंत्यात. शिकंदर हितनं अर्ध्यातनंच माघारी गेलता का न्हाई? तवापास्नं त्यांच्यात समदं उलटं. आपलं ने ते त्यांचं नको. ती ने म्हणली की हात लावायचा न्हाई कशाला.”

“आन उचल म्हणली की खाली ठिवायचं व्हय मावशी?” गुंडूनं विचारलं.

“तुझ्या घोड्याला इचार. त्यो बी तिकडचाच दिसतोय, पुढं हाक म्हणलं की मागं सरतोय.”

बाईही गप्प बसणारी नव्हती. तिनंही आपल्याकडचं दाखवायला सुरुवात केली. मार्चची पहिली तारीख आली तशी तिनं तांबडा आणि पांढरा धागा एकत्र पिळून शालूबाईच्या मनगटावर बांधला. मग दोन्ही हात पसरून, एक पाय वर उचलून करकोच्याचं सोंग केलं. तो पक्षी दिसला की धागा सोडायचा आणि मोहोर आलेल्या झाडाला बांधायचा, वर्षभर दुखणं येत नाही, अशी त्यांची रीत.

“करकोचा कुठनं आणू बाई? बगळा चालतोय का बघा.”

बगळा चालला. रंकाळ्याच्या काठावर तो दिसला आणि दोघींनी बंगल्यामागच्या आंब्याला धागे बांधले. मेनकाबाईनं धागे केले होते तीन. तिसरा बोटभर होता, लहान मनगटाचा. तो तिनं बांधला नाही.

शालूबाईनं खुणेनंच विचारलं, हा कुणाचा. तेव्हा बाईनं स्वयंपाकघरातल्या मेजावर काड्यापेट्या एकावर एक रचल्या, घर केलं. आणि मेज हलवलं. पेट्या पडल्या, काड्या सांडल्या. “याना,” ती म्हणाली आणि चार बोटं दाखवली. चार वर्षांची लेक. स्कोप्ये नावाचं त्यांचं शहर, तिथला भूकंप, पहाटेची वेळ, सगळी झोपलेली. नवरा-बायको निघाली, पोर निघाली नाही.

शालूबाईला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचायचं. त्या दिवशी ती खाली बसली आणि काड्या गोळा करत राहिली.

लेक गेली तेव्हापासून बाईला छपराखाली झोप येत नव्हती. तिची खाट व्हरांड्यात. उन्हाळा, पाऊस, थंडी, खाट तिथंच. जुलैत लेकीच्या दिवसाला तिनं गहू शिजवले, साखर घातली, अक्रोड घातले, आणि वाटीवाटीनं शेजारीपाजारी वाटायला लावले. मेलेल्याच्या नावानं दुसऱ्यानं खायचं, अशी तिकडची पद्धत. तोवर तिचं पोट दिसायला लागलं होतं. शालूबाई वाट्या घेऊन घरोघर गेली आणि पहिल्यांदाच कुठं काही तिखटमीठ लावलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरात तपासलं, तेव्हा शालूबाई शेजारीच उभी होती. “मूल आडवं आहे,” त्या म्हणाल्या. “कळ आली की घटकाभरसुद्धा घरी ठेवू नका. इथं आणलं तर दोघं वाचतील.” साहेबानं ते इंग्रजीत ऐकलं, शालूबाईनं मराठीत ऐकलं. बाहेर आल्यावर शालूबाईनं गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. बाईला शपथ कळली नाही, पण तिनं शालूबाईचा हात धरला तो टांग्यात बसेपर्यंत सोडला नाही.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान बाई मराठी बोलायला लागली होती. माईंनी वही दिली होती, पण शिकली ती शालूबाईकडूनच. “मला पानी दे.” “दार लाव की.” “कवा येनार?” भाजीवाल्यानं शिळी वांगी पुढं केली की आता ती सरळ “नको” म्हणायची. शालूबाईला ते तितकंसं रुचलं नाही. इतकी रंगवलेली शिकंदराची गोष्ट, बाईच नको म्हणायला लागल्यावर सांगायची कशी. म्हणून ती सांगतच राहिली.

डिसेंबरात साहेब भट्टीचे सुटे भाग सोडवून आणायला मुंबईच्या बंदरावर गेला. माई लग्नाला पुण्याला. आणि अकरा तारखेला पहाटे जमीन हलली. कोयनेकडं गावंच्या गावं झोपली, ते मागनं कळलं. कोल्हापुरात भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या, लोक अंथरुणं घेऊन रस्त्यावर आले. शालूबाई पळत बंगल्यावर आली तर मेनकाबाई बागेत, आंब्याखाली, मातीत बसलेली. दोन्ही हात पोटावर. दात वाजत होते. घरात चला म्हटलं तर मान हलवून “नको” म्हणाली, चहा नको, घोंगडं नको. अधनंमधनं जमीन पुन्हा थरथरायची आणि ती पोट घट्ट धरायची.

बाराच्या सुमाराला पहिली कळ आली. शालूबाईनं वेळ घालवला नाही, हे खरं. स्वतः नाक्यावर पळत गेली आणि गुंडूचा टांगा फाटकाशी आणून उभा केला. मग बाईपाशी गुडघ्यावर बसली.

“बाई, दवाखान्यात नेऊ का?”

“ने,” मेनकाबाई म्हणाली.

शालूबाई थबकली. दवाखाना दगडी, दोन मजली. सकाळीच तिथल्या भिंतीला चीर पडल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. छपराखाली जायाचं म्हणल्यावर ही कशी हो म्हणेल, असं तिच्या मनात आलं.

“तसं करू नका बाई. डाक्टरीन काय म्हणल्या? मूल आडवं हाय. नेऊ का?”

“ने. ने.” बाईनं तिचा पदर धरला आणि ओढला. “ने, शालूबाई, ने.”

ती जेवढं जोरानं म्हणाली तेवढं शालूबाईला वाटलं, नाहीच म्हणतीय.

गुंडू फाटकातनं ओरडला, “मावशी, न्हेयाची का न्हाई?”

“ने म्हणतीया.”

“म्हंजे नको की. तूच सांगितलंयास.”

“व्हय. छपराखाली जायाची न्हाई ती. पदर बी सोडंना, हितंच बस म्हणतीया.”

“मग आता?”

“चिमणाबाईला घिऊन ये. बागंतच सोडवू.”

टांगा गेला. मेनकाबाई टांग्याकडं बघत राहिली. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा तिच्या घशातनं जो आवाज निघाला, तो कळेचा असं शालूबाईनं धरलं. चिमणाबाई सुईण जुन्या बुधवारात राहायची. भूकंपानं तिच्या गल्लीत भिंत पडून वाट बंद झाली होती, ती यायला दोन तास लागले. तोवर शालूबाईनं पाणी तापवलं, लुगड्यांचा आडोसा केला, पाठ चोळली, अंबाबाईला साडीचोळी बोलली.

चिमणाबाईनं हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“हात बाहीर आलाय पोराचा. गार हाय. ह्ये माझ्या हातचं न्हवं. हिला कवाच दवाखान्यात न्हेयाची, कुणी थांबिवली?”

टांग्यात शालूबाईनं बाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. घोडा उधळल्यागत पळत होता. “आता नेतोय बघा बाई, आता आलंच,” ती सारखं म्हणत होती. मेनकाबाईनं डोळे उघडले. ओठ वाळून गेले होते.

“मी कवाच म्हटलं,” ती मराठीत म्हणाली. “ने.”

मग शालूबाई आठवायला लागली. बाई ने म्हणाली आणि त्याचा अर्थ नको होता, असं शेवटचं कधी झालं? वांगी नको. आज सकाळचाच चहा, नको. घोंगडं, नको. दिवाळीपासून बाईच्या तोंडात नकोच होतं. ती मागं मागं गेली तेव्हा कुठं गणपतीच्या आसपास एक ‘ने’ सापडलं.

मुलगा होता. दोन तास आधी आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई वाचली. मूल परत व्हायचं नाही, हे त्यांनी बाळासोला बाहेर बोलावून सांगितलं.

साहेब पोचला तिसऱ्या दिवशी. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला. भूकंपाच्या भीतीनं दवाखान्यातली माणसं अजून आवारातल्या मांडवात झोपवलेली होती. मेनकाबाईची खाट कोपऱ्यात, कनातीला लागून. साहेब बायकोपाशी बसला, दोघं त्यांच्या बोलीत काही बोललीच नाहीत. मग तो उठला आणि बाळासोला इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

“साहेब इचारत्यात,” बाळासो म्हणाला, “डाक्टरणीनं बजावलं हुतं, टांगा दारात हुता. मग नेलं का न्हाई? भिऊ नगंस. हाय ते सांग.”

शालूबाईनं तीन दिवसांत हे शंभर वेळा मनात बोलून ठेवलं होतं.

“मी इचारलं, नेऊ का. बाई ‘ने’ म्हणाल्या.”

बाळासोनं तोंड उघडायच्या आत साहेबानं मान डोलावली. त्याला त्यातला एकच शब्द कळला होता, तोही त्याच्या बोलीतला. त्यानं डोळे मिटले. बायकोला छपराची भीती होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक. तो पुढं आला आणि शालूबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

“न्हाई साहेब,” शालूबाई म्हणाली. “तुमच्यातलं ने न्हवं. आमच्यातलं. बाई मराठीत बोलल्या, मीच उलटं ऐकलं. बाळासो, सांग की त्यास्नी.”

बाळासो खाली बघत हळूच म्हणाला, “त्यांस्नी कळलंय ते बरं हाय. आता हलवू नगंस. पोटावर पाय येईल, येड्यागत काय करतीस.”

“सांग म्हणती न्हवं मी.”

“मी न्हाई सांगणार.”

मग तिनं खाटेकडं बघितलं. दोन्हीकडचं बोलणं ज्याला कळत होतं असं मांडवात एकच माणूस होतं. मेनकाबाई जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती शालूबाईकडं बराच वेळ बघत राहिली, रागानं नाही, कशानंच नाही. मग तिनं तोंड कनातीकडं फिरवलं.

साहेबाचा हात खांद्यावर तसाच होता. जड, कोमट. तो शालूबाईला समजावणीनं थोपटत होता, आणि शालूबाई त्या हाताखाली उभी होती.