मी ढोल्या आहे, चोर नव्हे!

मी एक जुना कुत्रा आहे, मित्रांनो. शाळेच्या फाटकाशी बसणारा. माझं नाव ढोल्या. हसायचं तर खुशाल हसा. मला त्याची लाज वाटत नाही.

माझा जन्म याच शाळेच्या जिन्याखाली झाला. पहारेकरी काकांनी मला उचललं, पोत्यावर निजवलं आणि फाटकाचं काम शिकवलं. मी अनोळखी माणसांवर भुंकायचो, कुंपणाबाहेर गेलेले चेंडू शोधून आणायचो. तेव्हा मी सडपातळ होतो. मला कुणी नाव ठेवलं नव्हतं आणि नावंही ठेवत नव्हतं.

नववीतली एक मुलगी रिले शर्यतीत शेवटचा टप्पा पळायची. हसली की अख्ख्या मैदानाला ऐकू जायचं. एकदा तिचा पहिला नंबर थोडक्यात हुकला. खेळाचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "जरा वजन उतरव गं! तुझ्यापेक्षा हत्तीण बरी पळते." पोरं खो खो हसली. सर ते विसरूनही गेले. ती विसरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती सामानाच्या खोलीमागे येऊन आपला डबा माझ्यापुढे रिकामा करू लागली. अंडं, बटाटा, लोणी लावलेला पाव! मी कशाला नाही म्हणतोय? हां हां म्हणता माझं पोट सुटलं आणि पोरांनी माझा ढोल्या केला.

ती मात्र वाळत चालली. आणि मित्रांनो, लोक त्याचं कौतुक करत होते! "किती छान बारीक झालीस!" मैत्रिणी म्हणायच्या. माझ्या पाठीवरून फिरणारे तिचे हात बर्फासारखे गार असायचे. भर उन्हात ती स्वेटर घालून बसायची. हसणं तर कधीच बंद झालं होतं. मग एका सकाळी पळता पळता ती वळणावर कोसळली. "ऊन लागलं," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली.

त्या दुपारी तिनं डबा उघडला आणि मी तोंड फिरवलं.

"खा ना रे," ती म्हणाली. "खा ना, ढोल्या. घरी रिकामा डबा न्यायचाय मला."

मी ढिम्म हललो नाही. ती रडली, चिडली आणि डबा घेऊन कचऱ्याच्या पिंपाकडे निघाली. अन्न कचऱ्यात जाताना कुत्र्याला बघवत नाही. मी झडप घालून तिच्या हातातली डब्याची पिशवी दातांत धरली आणि धूम ठोकली, ती थेट फाटकापर्यंत.

"चोरा! पोरांचे डबे पळवतोस?" काकांनी काठी उगारली.

"म्हणूनच एवढा फुगलाय!" पोरं ओरडली.

तेवढ्यात ती धापा टाकत मध्ये येऊन उभी राहिली. "त्याला मारू नका, काका! तो चोर नाही. मीच देते त्याला माझा डबा. रोज."

काकांची काठी खाली आली. "आणि मग तू काय खातेस, बाळा?"

माझ्या गळ्यात हात टाकून ती तिथंच मटकन बसली.

काकांचा निरोप मिळताच तिची आई कामावरून धावत आली. "डबा रिकामा यायचा गं. मला वाटायचं, जेवतेस," एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं, हे नखरे नाहीत, हा आजार आहे आणि यावर उपचार आहेत. त्या हत्तिणीची गोष्ट निघाली तेव्हा सर म्हणाले, "मी तर गंमत केली होती." ती मान वर करून म्हणाली, "सर, मी ती गंमत रोज उपाशी पोटी ऐकत होते." सरांची मान खाली गेली. पुढे त्यांनी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली.

ती एका दिवसात बरी झाली नाही. कधी दोन घास जातात, कधी ताटापुढे डोळे भरून येतात. डॉक्टरांनी अजून पळायला परवानगी दिलेली नाही. पण आता ती बाकावर सगळ्यांमध्ये बसून जेवते आणि मी कितीही शेपूट हलवलं तरी मला पावाचा तुकडासुद्धा देत नाही. माझी अजिबात तक्रार नाही.

मित्रांनो, कुणी डबा न खाता टाकताना दिसलं तर त्याला चिडवू नका. भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. ती चुगली नव्हे. आणि तुमच्या अंगकाठीला कुणी हसलं, तर घास खाली ठेवू नका. आम्हा कुत्र्यांना भुकेची लाज कधी वाटली नाही. तुम्ही का वाटून घ्यावी? पोटभर जेवा आणि हसणाऱ्यावर खुशाल भुंका!