इनायतच्या मागावरचा पोपट

छत्तीस सालच्या त्या सकाळी खातूनबी येवल्याच्या गल्लीतून जवळजवळ पळतच निघाली होती. पुढे तिचा लेक हनीफ, ताठ मानेने. आज त्याचं लग्न ठरायचं होतं, नाहीतर मोडायचं होतं. इनायतउस्तादांनी गावभर सांगून ठेवलं होतं, जो माझ्या मागावर बसून पैठणीचा पोपट विणून दाखवील, त्यालाच माझी रेहाना!

हात म्हणाल तर हनीफचा हात उस्तादांच्या तोडीचा. घोडं पेंड खात होतं ते डोळ्यांशी. त्याला लाल आणि हिरवा सारखाच दिसे. खातूनबीच्या बापाचंही असंच होतं. रक्तातच होतं म्हणा ना. मधल्या लेकीला, म्हणजे तिला, वगळून आजोबांचं नेमकं नातवाला आलं. तिने मात्र गावाला पत्ता लागू दिला नव्हता. घरी कांड्यांच्या नळ्यांवर विणायचं रेशीम तीच गुंडाळायची आणि हिरव्या कांडीच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. बोटांना गाठ लागली की हनीफ बिनचूक चालायचा.

आजही गाठीच्या कांड्या तिने पदराखाली आणल्या होत्या. पण उस्ताद बाजेवरूनच म्हणाले, "बाई, रेशीम आमचंच हाय. रेहाना, कांड्या ठेव गं."

रेहानाने काही कांड्या मागाच्या उजव्या अंगाला ठेवल्या, काही डाव्या, आणि आत गेली. गाठ कुठेच नाही! हनीफने एकवार आईकडे पाहिलं आणि उजवीकडची उचलली. लाल!

खातूनबीचा जीव टांगणीला लागला. खोकावं? उस्ताद समोरच बाजेवर, मागाआडून हनीफचे हात दिसत नसले तरी कान इकडेच. तिने अल्लाची करुणा भाकली, पण पोपट काही ऐकेना. दुपारी तो जरीवर पुरता उभा राहिला, डौलदार, नखरेल आणि नखशिखान्त लाल. चोच तेवढी हिरवी.

उस्ताद उठले, वाकले, पोपटावरून अंगठा फिरवला. खातूनबीने डोळे मिटले.

"माशाल्ला!" उस्ताद गरजले. "काय पंख, काय मान! असा हिरवागार पोपट उभ्या येवल्यात नाय निघायचा!"

थट्टा? छे, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिची नजर कांड्यांवर गेली. लाल सगळ्या उजवीकडे, हिरव्या सगळ्या डावीकडे, रोजच्या शिस्तीत लावलेल्या. या अल्ला! म्हणजे उस्तादही त्यातलेच!

बापाचा आवाज ऐकून रेहाना धावत आली आणि पोपट पाहून थबकली. तिच्या एका शब्दात सगळं मोडणार होतं. खातूनबीने हात जोडले, तशा पदराखालच्या कांड्या घरंगळल्या. रेहानाने एक उचलली, गाठ चाचपली, आणि तिचा चेहरा फुलला.

"खरंच हिरवागार हाय, अब्बा!"

उस्ताद साखर आणायला गेले. हनीफने घाबरत विचारलं, "खरंच जमला?"

"लालभडक!" रेहाना म्हणाली आणि तिघंही पोट धरून हसली.

हसता हसता रेहानाने हातातली गाठीची कांडी पुन्हा चाचपली. "अम्मी, अब्बांच्या कांड्या लावायला मला माझ्या आईनं शिकवलं. पण पुढं माझी पोरंही अशीच निघाली तर?"

आपल्यासारखीच ही, मधली लेक. खातूनबीने तिला छातीशी धरलं. इतकी वर्षं ती एकटीच हे ओझं वाहत होती.

"निघू देत गं," ती म्हणाली. "गाठी मारायला आता आपण दोघी हाय."