माझी भेग, तिच्या माथी

मित्रांनो, मी काचेची जुनी फुलदाणी. मान चांगली वीतभर लांब आहे, पण ही हकीकत सांगताना ती वर करायची लाज वाटते.

त्या काळी काचेवर वळणदार वेली, पाण्यातली फुलं, चतुर यांची फार हौस होती. आमच्या कारखान्यात काच फुंकणाऱ्या कारागिरांना सगळे गालफुगे काका म्हणत. त्यांनी लांब नळीच्या टोकावर वितळलेली दुधी काच घेतली, तिच्यावर जांभळ्या काचेचा थर चढवला आणि नळी फिरवत हळूहळू फुंकर घातली. ओल्या लाकडाने मला गोलाई दिली. मग मला निववायच्या भट्टीत ठेवलं. जाड काच सावकाश निववावी लागते. घाई केली तर तिच्या अंगात ताण राहतो.

मला तीन दिवस हवे होते. मालकांना प्रदर्शन गाठायचं होतं. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "काढा बाहेर."

"अजून एक दिवस द्या, मालक."

"दिसतेय की ठणठणीत!"

काकांनी भट्टीचं दार उघडलं.

कारखान्यात नक्षी कोरणाऱ्या काकूंनी फिरत्या तांब्याच्या चाकावर माझा जांभळा थर हवा तिथे खरवडला. दुधी पाण्यावर जांभळी कमळं उमलली, वर एक चतुर येऊन बसला. प्रदर्शनात लोक माझ्यापुढे थबकत. अंगातला ताण मला जाणवत होता, पण कौतुकाने मी इतकी फुगले होते की तिकडे लक्षच दिलं नाही.

एका डॉक्टरीणबाईंनी मला घरी नेलं. तिथल्या कामवाल्या मावशींनी चार वर्षं मला तान्ह्या बाळासारखं जपलं. एका दुपारी पाहुणे चहाला बसले होते. मावशी माझ्यात फुलं ठेवत होत्या. एवढ्यात टच्च आवाज झाला, आणि तळापासून कमळापर्यंत भेग गेली.

"फोडलीत ना!" डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत ओरडल्या.

"शपथ घेते बाई, नुसती फुलं ठेवली."

"मग काय आपोआप फुटली?"

पाहुणे हसले. मावशींचं काम त्याच दिवशी सुटलं.

मित्रांनो, मी आपोआपच फुटले होते! मी फुटले, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दोन वर्षांनी मला दुरुस्तीला नेलं, ते नेमकं काकांकडे. त्यांनी भेगेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, कुठे आपटल्याची खूण नाही. ही तळातून, आतून आलीय. घाईने भट्टीतून काढली होती. मी तेव्हा अडून बसायला हवं होतं."

त्याच संध्याकाळी दोघे मला घेऊन मावशींच्या घरी गेले. दारात शेजारी जमले. काकांनी सर्वांसमोर हात जोडले. "चूक माझी, ताई."

मावशींनी पदराने डोळे पुसले. "गल्लीत मला फोडकी म्हणतात, दादा. नव्या घरी साधा पेलासुद्धा हातात देत नाहीत."

"कामावर परत या," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

"नको बाई. ज्यांच्यासमोर मला बोललात, त्यांच्यासमोर एकदा खरं सांगा. बस्स."

बाईंनी हो म्हटलं. त्याला आता वर्ष झालं. तेच पाहुणे येतात, चहा पितात. माझी भेग भिंतीकडे वळवून ठेवलेली असते. "किती सुंदर!" ते म्हणतात, आणि बाई दुसराच विषय काढतात.

मित्रांनो, काचेची वस्तू जपून हाताळाच. पण काही फुटलं, तर कुणावर ओरडण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या. आणि या घरी कधी आलात, तर मला जरा फिरवा. भिंतीकडची बाजू पुढे आणा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "ही भेग कशी पडली?"